साठ लाखांचे कर्ज : हैदराबादच्या इतिहासातील एक हिशेब

चोरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे फोडलेले कुलूप, खणलेली भिंत आणि अंधारी रात्र उभी राहते. परंतु ज्या चोऱ्यांनी राज्ये खिळखिळी झाली, त्या बहुधा भरदिवसा, कचेरीत बसून, मोहोरबंद कागदांच्या साहाय्याने आणि पुष्कळदा सरकारची रीतसर परवानगी घेऊन झालेल्या आहेत. अशा व्यवहाराचे एक अत्यंत बोधप्रद उदाहरण आपल्या हैदराबाद शहराच्या इतिहासात आहे. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी घडलेले हे प्रकरण ‘पामर आणि कंपनी’ या पेढीच्या नावाने ओळखले जाते. त्याची झळ प्रामुख्याने वऱ्हाड-मराठवाड्याच्या मराठी मुलखाला लागली; तथापि मराठी वाचकांना त्याची माहिती फारशी नसते. विवेकवर्धिनीच्या परिसरातून कोठीकडे निघालेला माणूस थोडक्याच वेळात जुन्या रेसिडेन्सीच्या भव्य स्तंभांसमोर येतो. आज तेथे स्त्रियांचे विद्यापीठ आहे. एके काळी याच परिसरात निजामाच्या राज्याचा महसूल गहाण पडत होता, हे त्या स्तंभांकडे पाहून कोणाच्या मनात येणार नाही.

प्रकरण समजण्यासाठी त्या काळची राज्यस्थिती थोडक्यात ध्यानात घेतली पाहिजे. इ. स. १८०० च्या तहाने निजामाने ईस्ट इंडिया कंपनीची तैनाती फौज कायमची पत्करली आणि तिच्या खर्चासाठी मुलूखही तोडून दिला. याखेरीज राज्याची स्वतःची फौज होती, आणि तीतही इंग्रज अंमलदारांच्या हाताखालील पलटणी हळूहळू वाढत गेल्या. त्यांचा पगार रोखीने व वेळेवर द्यावा लागे. महसूल मात्र रोखीने व वेळेवर येत नसे. जिल्हेच्या जिल्हे मक्त्याने दिलेले असत. जो अधिक रकमेची बोली करील, त्याला तालुका मिळे; आणि आपला मक्ता पुढील वर्षी टिकेल याची शाश्वती नसल्याने तो रयतेकडून हाती लागेल तेवढे ओढून घेई. वर्षाच्या अखेरीस येणारा पैसा आणि दर महिन्याला द्यावयाचा पगार यांमधील अंतर सावकार भरून काढीत. बेगमबाजारातील गुजराती, मारवाडी व गोसावी पेढ्यांचे वैभव या अंतरावरच उभे होते.

राज्याचा कारभार तेव्हा नावाला मुनीर-उल-मुल्क या दिवाणाकडे असला, तरी खरी सत्ता पेशकार चंदुलाल यांच्या हाती होती. ‘चंदुलालची बारादरी’ हे नाव हैदराबादेत आजही लोकांच्या तोंडी आहे. हा गृहस्थ बुद्धिमान, कष्टाळू व रसिक होता. ‘शादाँ’ या नावाने तो काव्यरचना करी, कवींना आश्रय देई, आणि त्याच्या दारातून याचक सहसा विन्मुख जात नसे. त्याची सत्ता मात्र रेसिडेंटाच्या मर्जीवर अवलंबून होती, आणि ती मर्जी राखण्यासाठी फौजेचा पगार चुकणे त्याला परवडणारे नव्हते. त्यामुळे पैसा कोणत्या दराने मिळतो, यापेक्षा तो उद्या मिळतो की नाही, याचीच त्याला अधिक चिंता असे. कर्ज काढणाऱ्याची अशी मनःस्थिती झाली, म्हणजे सावकाराचे अर्धे काम आपोआप होते.

या परिस्थितीत विल्यम पामर पुढे आला. त्याचे वडील, जनरल पामर, हे नाना फडणविसांच्या अखेरच्या काळात पुणे दरबारी इंग्रजांचे रेसिडेंट होते. आई एका खानदानी मुसलमान घराण्यातील होती. मुलाने काही वर्षे निजामाच्या फौजेत नोकरी केली आणि नंतर हैदराबादेत पेढी घातली. इंग्रजांचे शिष्टाचार व दरबाराची भाषा ही दोन्ही त्याला जन्मतः अवगत होती. बंकटीदास हा गुजराती सावकार त्याचा भागीदार होता. पुढे सर विल्यम रंबोल्ड हा इंग्रज सरदार भागीदारीत आला. त्याच्या पत्नीचे पालनपोषण गव्हर्नर जनरल मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज यांच्या घरी झाले होते. पुढे १८१८ मध्ये ज्यांच्या कारकीर्दीत पेशवाई बुडाली, तेच हे हेस्टिंग्ज. रंबोल्डजवळ भांडवल किती होते हा प्रश्न गौण आहे. तो जे घेऊन आला होता, त्याची किंमत भांडवलाहून अधिक होती.

येथे कायद्याचा प्रश्न उपस्थित होतो. अर्काटच्या नबाबाला मद्रासेतील कंपनीच्या नोकरांनी, विशेषतः पॉल बेनफील्डसारख्यांनी, खऱ्याखोट्या कर्जांच्या जाळ्यात कसे गुरफटवले, हे इंग्लंडच्या पार्लमेंटात एडमंड बर्कने १७८५ मध्ये आपल्या प्रसिद्ध भाषणात उघडकीस आणले होते. त्या अनुभवानंतर १७९७ मध्ये पार्लमेंटाने असा कायदा केला की, कंपनीच्या संचालकांची अथवा हिंदुस्थानातील सरकारची लेखी संमती असल्यावाचून कोणाही ब्रिटिश प्रजाजनाने एतद्देशीय राजांना कर्ज देऊ नये. कायदा स्पष्ट होता आणि त्याचा हेतूही चांगला होता. परंतु त्यात संमतीचा एक दरवाजा ठेवलेला होता. १८१६ मध्ये पामर कंपनीने याच दरवाजातून प्रवेश केला. कलकत्त्याच्या अॅडव्होकेट जनरलने परवाना देता येतो असा अभिप्राय दिला, आणि सरकारने परवाना दिला. त्यात एक अट घातली होती : व्यवहाराचे स्वरूप व हेतू काय आहेत, याविषयी रेसिडेंटाला केव्हाही खात्री करून घेता यावी. या एका अटीवर सारा बंदोबस्त अवलंबून होता. पुढील चार वर्षांत त्या अटीचा खरा उपयोग कोणी केल्याचे दिसत नाही. तत्कालीन रेसिडेंट हेन्री रसेल यांच्या अमदानीत रेसिडेन्सी व पेढी यांचे संबंध अतिशय निकटचे होते, आणि त्यांविषयी त्या वेळीच उघड कुजबुज होती.

पेढीचा उद्योग सोपा होता. हैदराबादेतील इंग्रज अंमलदार व इतर ठेवीदार यांच्याकडून ती शेकडा बारा दराने ठेवी घेई आणि निजाम सरकारला शेकडा चोवीस-पंचवीस दराने कर्ज देई. वऱ्हाड व औरंगाबादकडील फौजेच्या पगाराची रक्कम पेढी आगाऊ भरी, आणि तिच्या मोबदल्यात त्या भागांचा महसूल तनख्यादाखल लावून घेई. म्हणजे ज्या अंमलदाराने राज्याच्या हिताकडे लक्ष ठेवावयाचे, त्याची ठेव त्याच राज्याला लुबाडणाऱ्या पेढीत होती. त्याला कोणी लाच दिली, असे म्हणता येत नाही. त्याला वर्षाला बारा टक्के मिळत होते, आणि तेवढ्याने त्याचे डोळे मिटण्यास पुरेसे कारण होत होते.

१८२० मध्ये या व्यवहाराने कळस गाठला. पेढीने कलकत्त्यास असे कळविले की, निजाम सरकारला साठ लाख रुपयांचे नवे कर्ज द्यावयाचे आहे. त्यातून फौजेचा व नोकरांचा तुंबलेला पगार चुकता होईल, अनावश्यक नोकरवर्ग कमी करता येईल, देशी सावकारांचे जड व्याजाचे कर्ज फिटेल आणि रयतेला तगाई देऊन ओसाड पडलेली शेते लागवडीस येतील. व्याजाचा दर शेकडा अठरा, म्हणजे पूर्वीपेक्षा कमी. योजना वाचताना कोणाही सज्जन माणसास ती राज्याच्या व रयतेच्या कल्याणाचीच वाटावी. कौन्सिलात स्टुअर्ट व अॅडम या सभासदांनी विरोध केला. मते समसमान पडली, आणि हेस्टिंग्ज यांनी आपले निर्णायक मत देऊन मंजुरी दिली.

त्याच वर्षाच्या अखेरीस रसेल यांच्या जागी चार्ल्स मेटकाफ हे रेसिडेंट म्हणून आले. पेढीतील मंडळींपैकी काहींशी त्यांचा वैयक्तिक स्नेह होता, आणि प्रारंभी त्यांनी या प्रकरणात हात घालण्याची उत्सुकता दाखविली नाही. परंतु ते जिल्ह्यांतून हिंडले. ओसाड गावे, परागंदा झालेले शेतकरी व मक्तेदारांचा जुलूम त्यांनी पाहिला. आणि साठ लाखांची तगाई जर वाटली गेली, तर ती गेली कोठे, असा प्रश्न त्यांना पडला. मग त्यांनी एक अगदी साधी गोष्ट केली. त्यांनी हिशेब मागितला.

हिशेब उकलू लागला तेव्हा असे आढळून आले की, साठ लाखांचे नवे कर्ज असे जवळजवळ नव्हतेच. जुन्या खात्यावरील बाकी नव्या खात्यावर ओढून घेतली होती. पेढीच्या वहीत एका पानावर नावे, दुसऱ्या पानावर जमा. निजामाच्या तिजोरीत रुपयांची थैली अशी फारशी आलीच नाही. इतकेच नव्हे, तर या साठ लाखांत सुमारे आठ लाख रुपये पेढीची केवळ बक्षिसी म्हणून धरले होते. म्हणजे जे कधी दिलेच नाही, ते मुद्दलात मिळवून त्यावरही अठरा टक्के चढू लागले. वाचकांनी स्वतःच आकडेमोड करून पाहावी. साठ लाखांवर अठरा टक्क्यांनी एका वर्षाचे व्याज दहा लाख ऐंशी हजार रुपये होते. आणि त्या न दिलेल्या आठ लाखांचे व्याजच वर्षाला एक लाख चव्वेचाळीस हजार होते. औरंगाबादकडील एखाद्या कुणब्याने आपला बैल विकून भरलेला सारा या एक लाख चव्वेचाळीस हजारांत जमा होत असे, आणि त्या बिचाऱ्याला पामर हे नावही ठाऊक नसे.

मेटकाफ यांनी उपायही सुचविला. इंग्रज सरकारच्या हमीवर शेकडा सहाच्या दराने पैसा उभारावा व पेढीचे सर्व देणे एकदम फेडून टाकावे. सहा टक्क्यांनी साठ लाखांचे व्याज वर्षाला तीन लाख साठ हजार झाले असते. कोणीही निःपक्षपाती माणूस ही सूचना उचलून धरील. परंतु हेस्टिंग्ज रुष्ट झाले. आपण मंजूर केलेल्या व्यवहारात खोट काढणे म्हणजे आपल्यावरच आरोप करणे, असे त्यांना वाटले, आणि त्यांनी मेटकाफ यांची खरमरीत पत्रांनी कानउघाडणी केली. मेटकाफ यांना नोकरीत वरिष्ठांची कृपा हवी होती; ती त्यांनी गमावली, परंतु आपला अहवाल मागे घेतला नाही.

दरम्यान लंडनच्या संचालकांनी मूळ परवानाच अयोग्य ठरवून तो रद्द करण्याचा हुकूम धाडला होता. १८२३ च्या प्रारंभी हेस्टिंग्ज हिंदुस्थान सोडून गेले, आणि ज्यांनी कौन्सिलात विरोध केला होता ते अॅडम काही महिने हंगामी गव्हर्नर जनरल झाले. निजामाचे कर्ज फेडण्याचा मार्ग निघाला, तो असा : उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनी निजामाला दरसाल सात लाख रुपये पेशकश देत असे. सहा टक्क्यांच्या हिशेबाने या कायमच्या उत्पन्नाचे भांडवल एक कोटी सोळा लाख सहासष्ट हजार सहाशे सहासष्ट रुपये होते. तेवढी रक्कम कंपनीने एकदम दिली, तीतून पामर कंपनीचे देणे भागविले, आणि सात लाखांचे सालीना उत्पन्न निजामाच्या घराण्यातून कायमचे गेले. पेढीही फार दिवस जगली नाही. आश्रय तुटताच पत ढासळली, १८२४ मध्ये तिचे दिवाळे वाजले, आणि बारा टक्क्यांच्या मोहाने पैसे ठेवणाऱ्यांचे हात पोळले.

१८२५ मध्ये लंडनला कंपनीच्या भागधारकांच्या सभेत अनेक दिवस वादविवाद झाला. हेस्टिंग्ज यांच्या वैयक्तिक सचोटीला बाध येण्यासारखे काही नाही, असा निर्णय झाला. तो निर्णय चुकीचा होता असे म्हणण्यास आधार नाही. त्यांनी स्वतः एक कवडीही घेतल्याचा पुरावा नाही. परंतु वकिलाच्या दृष्टीला या निर्णयातच प्रकरणाचे मर्म दिसते. ज्याने पैसा घेतला नाही, त्याच्या ममतेमुळे पैसा गेला. फौजदारी कायदा साधारणतः घेणाऱ्याचा हात शोधतो. येथे नियमाला अपवाद करणारा एक हात होता, तपासणी न करणारा दुसरा होता, वहीत आकडे फिरविणारा तिसरा होता, आणि निकडीपोटी सही करणारा चौथा होता. यांतील प्रत्येकाजवळ स्वतःपुरते समर्थन तयार होते.

या सर्व हातांपासून दूर असलेल्या लोकांनी किंमत मोजली. मेटकाफ यांनी जिल्ह्यांवर देखरेखीसाठी इंग्रज अंमलदार नेमून रयतेशी काही वर्षांच्या मुदतीने साऱ्याचे करार करविले होते. परंतु १८२९ मध्ये नवा निजाम गादीवर येताच ती देखरेख उठली, आणि मक्ते, तनखे व सावकारी यांचे जुने चक्र पुन्हा फिरू लागले. १८४३ मध्ये चंदुलाल यांनी राजीनामा दिला, तेव्हा तिजोरी रिकामी होती. इंग्रजी अंमलाखालील कंटिंजंट फौजेचा पगार तुंबत राहिला, कंपनीने तो आपल्या पदरचा भरून निजामाच्या नावे लिहिला, आणि या बाकीच्या नावाखाली २१ मे १८५३ चा तह लादला गेला. त्याने वऱ्हाड, नळदुर्गासह धाराशिवचा भाग व रायचूर दोआब इंग्रजांच्या स्वाधीन झाले. १८६० मध्ये धाराशिव व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही, आणि १९०२ मध्ये ते सालीना पंचवीस लाखांवर कायमच्या पट्ट्याने गेले. साठ लाखांच्या कर्जानेच हे सारे घडले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. कंटिंजंट फौजेचा अवाढव्य खर्च हे त्याचे अधिक मोठे कारण होते. परंतु उद्याच्या महसुलावर आज कर्ज काढावयाचे आणि हिशेब कोणास दाखवावयाचा नाही, ही जी वहिवाट पामरच्या काळात प्रतिष्ठित झाली, तिचाच हा शेवटचा हप्ता होता. मराठी मुलखाचे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हस्तांतर झाले, ते रणांगणावर न होता खतावणीच्या पानावर झाले. १८५३ मध्येच दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगाने मक्तेदारी मोडून, पगारी अंमलदार नेमून व सरकारी तिजोरीची व्यवस्था लावून राज्य सावरले. यावरून हे दुखणे असाध्य नव्हते, हेही सिद्ध होते.

ही दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. आता इंग्रज गेले, निजाम गेला, मक्तेदार गेले, असे कोणी म्हणेल. याच शहरात ७ जानेवारी २००९ रोजी काय झाले, ते अशांनी आठवावे. ‘सत्यम’ या संगणक-व्यवसायातील नामांकित कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी त्या दिवशी पत्र लिहून कबुली दिली की, कंपनीच्या ताळेबंदात दाखविलेल्या सुमारे ५,३६१ कोटींच्या रोख व बँक-शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. आरंभी लहान असलेली तफावत वर्षानुवर्षे वाढत गेली, आणि वाघावर स्वार झाल्यावर खाली उतरता येत नाही तशी आपली स्थिती झाली, अशा आशयाची त्यांची कैफियत होती. त्या कंपनीला पुढे नवे मालक मिळाले. ९ एप्रिल २०१५ रोजी हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजू यांच्यासह दहा जणांना दोषी ठरविले, आणि राजू यांना सात वर्षांची शिक्षा सुनावली. पुढच्याच महिन्यात अपिलात शिक्षेला स्थगिती मिळून ते जामिनावर सुटले.

साधने पालटली होती. कीर्द-खतावणीच्या जागी संगणक आला होता, कर्जरोख्याच्या जागी खोटी बिले व बनावट ठेव-पावत्या आल्या होत्या. मूळ युक्ती मात्र तीच होती : जे नाही ते कागदावर आहे असे दाखविणे, आणि जो पाहील त्याने कागदच पाहावा अशी व्यवस्था करणे. हिशेबतपासनिसांनी बँकांकडून परस्पर दाखले मागवून ते कंपनीच्या कागदांशी पडताळले असते, तर ही इमारत एका दिवसात कोसळली असती. १८१६ च्या परवान्यातील तपासणीची अट जशी कागदावर राहिली, तसाच हिशेबतपासनिसांचा हा अधिकारही कागदावर राहिला. कौटिल्याने अर्थशास्त्रात राजधन गिळण्याचे चाळीस प्रकार मोजले आहेत, आणि त्यांतील बरेचसे जमाखर्चाच्या वहीतील लबाडीचेच आहेत. जे आले नाही ते आले असे लिहिणे, आणि जे दिले नाही ते दिले असे लिहिणे, यांना त्यात स्थान आहे. दोन हजार वर्षांत या यादीत मोलाची भर कोणी घातली असेल, असे वाटत नाही.

मग प्रतिकार कसा करावयाचा? कायदे आज पुष्कळ आहेत. १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आहे. २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा ठरला. मात्र जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांत अधिकाऱ्यांस कळविले, तर देणाऱ्यास संरक्षण आहे. काळ्या पैशाला पांढरे रूप देणाऱ्यांसाठी २००२ चा कायदा आहे. सत्यम प्रकरणाच्या अनुभवातून २०१३ चा कंपनी कायदा अधिक कडक झाला आणि हिशेबतपासनीस ठराविक मुदतीने बदलणे मोठ्या कंपन्यांना बंधनकारक झाले. २००५ च्या माहितीच्या अधिकाराने तर सामान्य नागरिकाच्या हाती ते शस्त्र दिले, जे मेटकाफ यांना रेसिडेंट असूनही वरिष्ठांचा रोष पत्करून वापरावे लागले. कागद मागण्याचा अधिकार आज प्रत्येकास आहे, आणि साधारणतः तीस दिवसांत उत्तर देणे कचेरीवर बंधनकारक आहे. परंतु १७९७ चा कायदाही चांगलाच होता. कायद्यातील संमतीच्या दरवाजावर कोण उभा आहे, आणि त्याचे हितसंबंध कोठे गुंतले आहेत, याकडे समाजाने लक्ष ठेवले नाही, तर उत्तम कायदाही परवाना देणारे यंत्र होऊन बसतो.

देवस्थानाशी निगडित असलेल्या आपल्या वाचकवर्गाला या संदर्भात आणखी एका कथेची आठवण द्यावीशी वाटते. गोवळकोंड्याच्या किल्ल्यात ‘रामदासाची कोठडी’ दाखवितात. हे रामदास म्हणजे आपले समर्थ नव्हेत. भद्राचलमचे कंचर्ल गोपन्ना. सुलतान अबुल हसन तानाशहाच्या कारकीर्दीत, म्हणजे शिवाजीमहाराज १६७७ मध्ये गोवळकोंड्यास आले त्या सुमारास, ते पाल्वंचा परगण्याचे तहसीलदार होते. सरकारी वसुलाचा पैसा खर्चून त्यांनी गोदातीरी रामाचे मंदिर उभारले, आणि त्यापायी ते कित्येक वर्षे बंदिवासात पडले. लोककथा सांगते की, अखेरीस राम-लक्ष्मण स्वतः तरुण शिपायांच्या वेषात तानाशहाकडे गेले, त्यांनी सहा लाख मोहोरा मोजून दिल्या, आणि रीतसर पावती घेतली.

कीर्तनांतून ही कथा भक्तीचा महिमा म्हणून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यातील एक तपशील विचार करण्याजोगा आहे. कथा रचणाऱ्या लोकमानसाला, देवाने सुलतानाच्या स्वप्नात जाऊन देणे माफ करविले, असे सहज म्हणता आले असते. त्याने तसे म्हटले नाही. देवाने देणे फेडले आणि पावती घेतली, असे म्हटले. हेतू कितीही पवित्र असो, मंदिर प्रत्यक्ष रामाचे असो, रयतेच्या वसुलातील पैसा वसुलात परत गेला पाहिजे, ही जाणीव त्या अनाम कथाकाराच्या ठायी होती. भक्ताच्या भक्तीने हिशेब पुसला जात नाही, असा याचा अर्थ. चंदुलालच्या औदार्याची कथाही याच्या शेजारी ठेवून पाहावी. त्याच्या दानाची कीर्ती दूरवर गेली, परंतु जे द्रव्य तो वाटत होता, त्याची पावती वऱ्हाड-औरंगाबादच्या कुणब्यांच्या नावे फाडली जात होती.

आपल्या देवस्थानांत भांडाराला एकाहून अधिक किल्ल्या ठेवण्याची आणि जत्रेनंतर महाजनांपुढे जमाखर्च वाचण्याची चाल पुष्कळ ठिकाणी चालत आलेली आहे. ती अविश्वासापोटी पडलेली नाही. किल्ली बाळगणाऱ्या सज्जनावर उद्या खोटा आळ येऊ नये, हाही तिचा एक हेतू आहे. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने आणि तेलंगणात १९८७ च्या धर्मादाय कायद्याने हीच चाल लेखी नियमांत बांधली आहे. तथापि वार्षिक सभेत ताळेबंद वाचला जात असताना बहुतेक सभासदांचे लक्ष प्रसादाच्या तयारीकडे असते, हे कटू असले तरी सत्य आहे. कोणी उठून एखादा आकडा विचारला, तर ‘देवाच्या कार्यात संशय कशाला’ असे त्याला सांगितले जाते. हे वाक्य ज्या सभेत ऐकू येईल, तेथे अधिक सावध राहावे, असा वकिलीच्या व्यवसायातील अनुभव आहे. प्रामाणिक विश्वस्ताला प्रश्नाचे भय नसते. उलट विचारणारा कोणी भेटला, तर त्याला हायसेच वाटते.

म्हणून तीन साध्या गोष्टी आपल्या अंगवळणी पडाव्यात. ठेवीचा आकडा वाचला गेला, की बँकेचा मूळ दाखला पाहावयास मागावा. मंडळाच्या पैशातून कोणाला कर्ज, ठेका वा भाडेपट्टा दिला असेल, तर घेणाऱ्याचे देणाऱ्याशी नाते काय, हे सभेतच विचारावे आणि उत्तर कार्यवृत्तात लिहून घ्यावे. आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. रक्कम लहान आहे म्हणून लाजू नये. मंदिराच्या सभामंडपात ज्याला हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लागली, तो नगरपालिकेत, सहकारी बँकेत आणि सरकारी कचेरीतही ते विचारील. राज्य ही फार मोठी संस्था आहे. तिचे हिशेब एकट्या माणसाच्या आवाक्याबाहेरचे वाटतात. परंतु मेटकाफ यांनीही प्रारंभ केला तो एका पेढीच्या एका खात्यापासून, आणि साठ लाख रुपये प्रत्यक्ष कोणाच्या हाती पडले, या एका प्रश्नापासून.